पेटीत पाणी भरलं तो दिवस

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात काचेची एक पेटी होती. शहरात तिला फिशटँक म्हणतात; आमच्याकडं तसं कुणी म्हटलं नाही. सोसायटीचे बरे दिवस होते तेव्हा चेअरमननं ती माजलगावहून आणवली, टेबलाशेजारी लोखंडी घोडीवर ठेवली आणि तळ्यातली रोहूची पिल्लं तिच्यात सोडली. ऑफिसात येणारा माणूस आधी पेटीपाशी वाकायचा, काचेवर बोट टेकवायचा, मग माझ्याकडं वळायचा. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

चेअरमन माझ्या बायकोचा थोरला भाऊ. ऑफिसात मी त्याला चेअरमन म्हणायचो, घरी पाव्हणं. तो दोन्हीकडं मला दाजीच म्हणायचा. पुण्याला अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी काही वर्षं काढली. ते बंद पडल्यावर बायको घेऊन गावी आलो, तेव्हा त्यानंच मला सेक्रेटरीच्या खुर्चीवर बसवलं. बहिणीच्या घरात चूल पेटती राहावी एवढाच त्याचा हेतू होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे केलं, खरं म्हणजे जे केलं नाही, त्याची सुरुवात तिथून आहे.

सभासद बहुतेक भोईवाड्यातले. तळं सरकारी, मासे धरायचा हक्क सोसायटीचा. लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस गेला आणि तळं मागं सरत सरत जुन्या ओढ्याच्या पात्रातल्या एका डोहावर आलं. बाकी सगळा भेगाळलेला गाळ. भोयांची एक रीत आहे. तळं शेवटच्या डोहावर आलं की जाळं खुंटीला. त्या डोहाला ते बियाचा डोह म्हणतात. शेतकरी उपाशी झोपेल पण बियाणं दळून खाणार नाही, तसंच हे. त्या डोहातला मोठा मासा पाऊस लागेपर्यंत जगला, तर पुढच्या साली तळ्यात मासा. न्हाई तर न्हाई.

पण त्या साली माणसं टेकीला आली होती. अर्धा वाडा कोयता घेऊन उसाच्या पट्ट्यात जाऊन आला होता. जाळ्यावर जगणारी माणसं, त्यांच्या हातांना कोयत्याची सवय नव्हती. हाताला फोड घेऊन परत आली. डोह मारून मोकळं व्हावं, असं वाड्यात उघड बोललं जायला लागलं. मी लिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि डोह राखायला सांगितलं. पुढच्या साली सरकारकडून माशाचं बी नाही मिळालं तरी आपलं बी आपल्याकडं राहील, असं काहीबाही बोललो. बोलणं बरं जमलं असावं, कारण लोक गप झाले.

मावशी तेवढी गप झाली नाही. युसूफ वडगावच्या बाजारात टोपलं घेऊन बसणारी ही बाई साऱ्या वाड्याचीच मावशी होती. ती आधी बोलली नाही असं एकही भांडण वाड्यात झालेलं नसेल.

"राखू की आमी. पर तुझा पाव्हणा राखंल का?"

"मावशी, मी हाय ना."

"तू हायेस म्हनूनच इचारते."

लोक हसले. मीही हसलो. मग ती म्हणाली, "बरं. शेक्रेटरीच्या शब्दावर." आणि तिनंच पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. दोघं दिवसा, दोघं रात्री, डोहाच्या काठावर बाभळीखाली बसायचे. कुणी गळसुद्धा टाकला नाही. घरात पोरं कोरड्या भाकरीला तोंड वाकडं करत असताना माणसं डोहातल्या माशांच्या पाठी मोजत बसायची. माझ्या शब्दावर.

पेटी गळायला लागली ती त्याच दिवसांत. आधी घोडीच्या पायाशी गंज दिसला, मग फरशीवर ओल. आतल्या पिल्लांना तोवर मी घमेल्यात काढलं होतं, ती पाठोपाठ मेली. पेटी कोरडी पडून होती, आणि अशा साली तिच्याकडं बघायला कुणाला सवड होती? पण एका दुपारी चेअरमन आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, ही पेटी नीट करा. जिल्ह्याचे साहेब येनार हायेत."

"साहेबांना तळं दाखवू की. डोह राखलाय लोकांनी."

"साहेब काय उन्हात तळ्यापोतर जात न्हाई. त्याला तळं हितंच दिसलं पायजे. पेटीत चार मासे खेळताना दिसले की बियाचं आपलं काम झालं. आन् हे काम तुमच्याबिगर कुनाला जमनार?"

हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. माझ्या हातात एकच कसब होतं आणि गावात त्याचा काही उपयोग नव्हता. मातीच्या घरांना सरकत्या खिडक्या कोण बसवतो? बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला सिलिकॉनची बंदूक हातात धरायला सांगत होतं.

मी माजलगावला जाऊन सिलिकॉन आणलं. दुकानदार बाथरूमचं देत होता, बुरशी न धरणारं. ते मी परत केलं. बुरशी मारणारं औषध माशालाही मारतं. साधं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेतलं. मग दाढीच्या पात्यानं जुन्या सांध्यांमधलं सगळं खरवडून काढायला बसलो. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही; लोक वरून थर देतात आणि महिन्याभरात पुन्हा गळतं. कोपऱ्यातलं काढताना पातं दोनदा बोटात गेलं. बायकोची नखाचा रंग काढायची बाटली आणून काच पुसली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावली, बंदुकीनं एका दमात धार सोडली, ओल्या बोटानं दाबत नेली आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढली. कडा अशी सरळ आली की मीच दोन पावलं मागं सरून बघत उभा राहिलो.

चेअरमन बघायला आला. "आता पानी भरून बघायचं?"

"आत्ताच नाही. दोन दिवस हात लावायचा नाही. आणि मग भरून बघायला पाणी कुठलं आणायचं? एवढ्या पेटीला दहा-बारा घागरी लागतील."

"ज्वारी भरून बघा की. ज्वारी गळली न्हाई तर पानीबी गळनार न्हाई." तो स्वतःच्याच विनोदावर खूप हसला.

दोन दिवसांनी बोट लावलं तर आतून अजून मऊच. मग लक्षात आलं, हे सिलिकॉन हवेतली ओल पिऊन घट्ट होतं. पुण्यात मला हे कधी जाणवलं नव्हतं. आमच्या त्या वैशाखात हवेत ओल कुठली? मी घागरीतल्या पाण्यात पोतं बुडवून पेटीच्या भोवती टांगलं, खिडकी बंद केली आणि दिवसातून दोनदा ते ओलं करत बसलो. मावशी दारातून डोकावली.

"आमच्या पोरास्नी प्यायला न्हाई, आन् तू काचेला पानी पाजतूस व्हय रं?"

"साहेब यायलेत, मावशी."

"सायेब पानी घेऊन येनार हायेत का?" असं म्हणून ती गेली. जाताना पोत्याला हात लावला आणि ओला हात तोंडावरून फिरवून घेतला.

आणखी दोन दिवस गेले. सिलिकॉन घट्ट झालं. चेअरमनचा रोज फोन. शेवटी म्हणाला, "पान्याची काळजी करू नका दाजी. उद्या सकाळी टँकर पाठवतो ऑफिसाला. पेटी भरा, उरलेलं वाड्याला वाटा. आन् पहाऱ्यावरच्या पोरांनाबी बोलवा, त्यांनीबी भरून घ्यावं. कितीक दिस त्यांच्या घरात घागर भरलेली न्हाई. येताना डोहातले चार वीतभर रोहू बादलीतनं आनायला सांगा, पेटीत सोडायला."

मी त्याला धन्यवाद दिले. खरंच दिले.

त्या रात्री तो आमच्याकडं जेवायला होता. बहीणभाऊ चुलीपाशी हळू आवाजात बोलत बसले. मी अंगणात होतो. सकाळी निघताना बायको म्हणाली, "आज हापिसातच ऱ्हावा. ऊन लई हाय. तळ्याकडं जाऊ नका." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण उन्हाची काळजी तिनं पहिल्यांदाच केली होती. मी डबा घेतला आणि निघालो.

आता इथपासूनचं मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑफिस फाट्यावर. तळ्याकडं जाणारी वाट ऑफिसासमोरूनच फुटते. मी कुलूप काढत होतो तेव्हा एक टेम्पो त्या वाटेला वळला. मागच्या ताडपत्रीखाली बर्फाच्या लाद्या होत्या; भुशातून पाणी ठिबकत रस्त्यावर काळी रेघ उमटत गेली. लग्नसराई होती. त्या दिवसांत बर्फ लग्नाच्या मांडवात जातोच, मठ्ठ्यासाठी. मी स्वतःला तेच सांगितलं. पण बर्फाशेजारी थर्माकोलचे पांढरे डबे रचलेले होते, दोरीनं बांधलेले. मांडवात डबे जात नाहीत. आणि त्या वाटेवर तळ्याशिवाय गाव नाही, वस्ती नाही, मांडव कुठून असणार? मासळीच्या धंद्यातल्या माणसाला बर्फ आणि डबे एकत्र दिसले की पुढचं सांगावं लागत नाही. मी कुलूप काढून आत गेलो. पोतं काढलं. पेटी पुसली. पुसून झाली तरी मी पुसतच राहिलो.

मग टँकर आला. टँकरचा हॉर्न वाजला की आमच्याकडं आजारी माणूससुद्धा खाटेवरून उठतो. मी पहाऱ्याच्या पोरांना फोन केला. मीच केला. ती दोघं बादली घेऊन गाळातल्या आडवाटेनं धावत आली, बादलीत चार रोहू. वाड्यातल्या बाया हंडे घेऊन, पोरं कॅन घेऊन, एकमेकांना ढकलत, शिव्या देत, हसत. कित्येक दिवसांत एवढं हसू ऐकलं नव्हतं. मी पाइप पेटीत सोडला. पाणी चढत गेलं. मी गुडघ्यावर बसून सांध्यावरून बोट फिरवत होतो. अर्ध्यापर्यंत कोरडं. काठापर्यंत कोरडं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रोहू आत सोडले. एका पोरानं काचेला गाल लावला.

तेवढ्यात चेअरमनचा फोन.

"दाजी, धरलं का?"

"धरलं. थेंब गळत न्हाई."

"सगळे तिथंच हायेत?"

"सगळे हायेत. टँकरला झुंबड हाय."

"मग बास. हिकडंबी धरलं." तो हसला आणि फोन ठेवला.

आमच्या बोलण्यात सिलिकॉनही धरतं आणि मासाही धरतात. मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. बाहेर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. एक हाक मारली असती तर पोरं डोहावर पोचली असती. जाळं कदाचित अजून पाण्यातच असतं. मी हाक मारली नाही. पेटीच्या तळाशी पुन्हा बोट फिरवलं, जणू तिथं काही उरलं होतं. मनात एवढंच होतं, की हे उघड झालं तर खुर्ची जाईल, बायको माहेरच्या बाजूनं उभी राहील, आणि मी पुन्हा कुणाच्या तरी दारात काम मागत उभा राहीन. हे सगळं विचारपूर्वक मनात आलं असं नाही. पण हात हलला नाही तो यामुळंच.

शेवटी एक धनगर आला, शेळ्या वाऱ्यावर सोडून पळत आलेला. "आरं, तुमच्या डोहात जाळं पडलंय! लांबची मानसं हायेत, टेम्पो हाय! तुमी हितं पानी भरत बसलाव?"

हंडे जागेवर सोडून लोक पळाले. एक हंडा कलंडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. मी सगळ्यांच्या मागून गेलो, चालत. पोचलो तेव्हा टेम्पो गेलेला. डोहाचं पाणी गाळानं कॉफीसारखं झालं होतं. काठावर टायरांच्या खुणा, आणि जाळ्यातून निसटलेली बोटाएवढी पिल्लं चिखलात उलटी होऊन तोंड उघडत होती. कुणी शिवी दिली नाही. मला तीच अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही.

मावशी तिथून फिरली आणि तडक ऑफिसात गेली. मी मागोमाग. तिनं बाही वर सारून पेटीत हात घातला. रोहू चपळ, हातात येईनात. पाणी तिच्या लुगड्यावर उडत होतं. एकेक करून चारही धरले, बादलीत टाकले, वर पेटीतलंच पाणी घातलं. मी बादली उचलायला गेलो.

"सोड," ती म्हणाली.

भर उन्हात ती बादली घेऊन डोहाकडं चालत गेली. त्या गाळाच्या पाण्यात ते चार जगले की नाही, कुणी सांगू शकत नाही.

संध्याकाळी मी चेअरमनच्या घरी गेलो. तो ओसरीवर पान लावत बसला होता. कुठल्यातरी ठेकेदाराला डोह दिला होता, एवढं मला वाटेतच कळलं होतं.

"डोह आटनारच होता दाजी. पंधरा दिसांनी कावळ्यांनी खाल्ला असता त्यो मासा."

"आणि साहेब?"

"कोन साहेब?"

मला कळायला थोडा वेळ लागला. कुणी साहेब येणार नव्हता. मी ज्याच्यासाठी बोट कापून घेतलं, पोती भिजवली, तो माणूस कधी नव्हताच. पेटी मला बसवून ठेवायला होती, आणि टँकर त्या लोकांना.

"मला कावून नाही सांगितलं?"

त्यानं पान तोंडात घातलं. "सांगितलं असतं तर तुमी हो म्हनला असता. मग रोज झोप लागली नसती तुमाला. मी तुमची झोप वाचिवली, दाजी."

यात तिरस्कारही नव्हता. घरच्या माणसाविषयी बोलावं तसं तो बोलला. त्यानं मला फसवलं हे मी पचवलं असतं. पण फसवताना मी कितपत माणूस आहे हे त्यानं आधीच जोखलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं.

घरी बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"भाऊ हाय माझा."

"आणि मी?"

ती भाकरी थापत राहिली. "तुमीबी त्याच्याच आसऱ्याला हाव की." परातीतला तिचा हात थांबलासुद्धा नाही. त्या दिवसापासून आमच्यात भांडण म्हणून झालं नाही. ती वाढते, मी जेवतो.

पाऊस लागला तेव्हा डोहात अजून गुडघाभर पाणी होतं. तो आटला नव्हता. तळं भरलं, पण जाळं टाकलं की शेवाळ आणि बारीक चिंगळ्या यायच्या. दिवाळीनंतर सगळा भोईवाडा कोयत्याला गेला, दरसाल जाऊ लागला. सोसायटी नावाला राहिली, मग तीही राहिली नाही. मी राजीनामा दिला नाही. कुलूप लागेपर्यंत खुर्चीवर बसलो. आणि वाड्यातल्या कुणीही मला चोर म्हटलं नाही. मला दगड मारावेत अशी माणसं समोरून जाताना "काय शेक्रेटरी" म्हणून पुढं जायची. त्यामागं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी त्याला नशीब समजलो.

गेल्या उन्हाळ्यात युसूफ वडगावच्या बाजारात मावशीपुढं उभा होतो. ती आता फार थकली आहे, पण टोपलं सोडलेलं नाही. मासा आता माजलगावच्या धरणाचा असतो. गिऱ्हाईक नव्हतं. का कोण जाणे, मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. बर्फ दिसला होता, डबे दिसले होते, फोनवरचं कळलं होतं. हाक मारली असती तर पोचता आलं असतं, हेही सांगितलं. बायकोला आधीच ठाऊक होतं, हेही. एवढ्या वर्षांचं ओझं, उतरेल असं वाटलं असावं.

तिनं माशांवर पाणी शिंपडणं थांबवलं.

"पोरं तुला मारनार होती त्या दिवशी. रातच्याला काठ्या घेऊन निघाली होती. मी आडवी पडले. म्हनलं, शेक्रेटरी येडा हाय, चोर न्हाई. त्यालाबी फसीवलंय. माज्या लेकाची शपत घेतली मी."

तिनं टोपल्यावरच्या माश्या हाकलल्या.

"इतकी सालं तुला येडा म्हनून वाचीवलं. जो भेटंल त्याला त्येच सांगत आले. आन् आज येऊन मलाच खोटं पाडलंस व्हय रं? कावून सांगितलंस? तुला हलकं वाटावं म्हनून?"

तिचा तो लेक पुढं उसाच्या फडात वारला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. शपथ त्याचीच होती, आणि ती खोटी होती हे तिला माझ्यामुळं त्या बाजारात कळलं.

एक बाई मासा घ्यायला आली. मावशीनं तिच्यासाठी रोहू तोलला, खवलं काढली, तुकडे केले, कागदात बांधून दिले. हात जराही चुकला नाही. ती बाई गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऊठ. पुन्हा माज्या टोपल्यापुढं उभा ऱ्हाऊ नको. मासा पायजे तर बायकोला पाठव. तिनं निदान भाऊ तरी राखला."

तेव्हापासून बाजारात बायको जाते. मी फाट्यावर, चहाच्या टपरीपाशी थांबतो. ती पिशवी घेऊन येते, मी गाडी सुरू करतो. मावशी काही म्हणाली का, असं मी एकदाच विचारलं. "काय म्हननार? बरी हाय," ती म्हणाली, आणि मागं बसली.